इंजिन खोललंच आहे तर…

गॅरेजमध्ये किस्से कसे साठतात माहितीय? जळक्या ऑइलसारखे. रोज थोडं थोडं ड्रममध्ये ओतायचं, न्यायला कोणी येत नाही, आणि एक दिवस बघावं तर ड्रम काठोकाठ. मग कुठेतरी रिकामा करावाच लागतो. आज तुम्ही समोर बसलायत, चहापण आलाय, तर तुमच्यावरच ओतते.

आधीच सांगते, हे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. मला अजून राग येतो. तुम्ही हसा, माझं काही म्हणणं नाही. पण मध्येच कोणी ‘जाऊ दे ना ताई, प्रेमापोटी केलं त्यांनी’ असं बोललात तर चहाचा कप काढून घेईन.

लालबागच्या पुलाखालून परळकडे येताना डावीकडच्या गल्लीत आमचं गॅरेज. वडिलांनी सुरू केलं, मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून चालवते. इतकी वर्षं झाली, तरी नवीन गिऱ्हाईक आत येतं, माझे काळे हात बघतं आणि विचारतं, "कोणी माणूस नाही का?" मी सांगते, "माणूस जेवायला गेलाय, तोपर्यंत बाईला सांगा." अर्धे जण खरंच माणूस येईपर्यंत बाकड्यावर बसून राहतात. बसू दे.

पण आजचे किस्से त्यांचे नाहीत. आजचे सगळे एकाच गाडीचे.

*

आमच्या गल्लीतले तात्या परब. जन्मभर वाळकेश्वरला एका शेठकडे ड्रायव्हर. शेठ गेले, मुलं परदेशात, आणि जाताना त्या मुलांनी एक काम बरं केलं. जी गाडी तात्यांनी एवढी वर्षं चालवली ती तात्यांच्याच नावावर करून दिली. जर्मन गाडी, जुनी, पण सहा सिलिंडरचं इंजिन, सहाही एका रांगेत. चालू असताना वर पाण्याचा ग्लास ठेवा, पाणी हलायचं नाही. असं इंजिन आता कोणी बनवत नाही, आणि ज्यांना बनवता येतं त्यांना परवडत नाही.

आंब्याच्या दिवसांत तात्या ती गाडी घेऊन माझ्याकडे आले. मागून पांढरा धूर. मी बॉनेट उघडलं आणि सांगितलं, हेड गास्केट गेलंय. म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये एक पातळ पत्रा असतो, तो फाटला की पाणी नको तिथे शिरतं. पार्ट मागवायचा, वरचा भाग खोलायचा, पत्रा बदलायचा, बंद करायचं. दोन-तीन आठवड्यांचं काम.

तात्या तसे बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र स्टुलावर बसले आणि बोलले. "बाय, दिवाळीपर्यंत लायसन आसा. डोळ्यांचो डॉक्टर म्हणता, पुढच्या वेळाक मी सही करूचंय नाय. जल्मभर मागच्या सीटवर दुसऱ्याच्या घरची माणसा बसवलंय. आता एकदा घरच्या माणसाक बसवतलंय."

घरचं माणूस म्हणजे माई, त्यांची बायको. बाईने पापड लाटून दोन मुलगे मोठे केले, नवऱ्याच्या हातातली ती गाडी लांबूनच बघितली. तात्यांना एवढंच हवं होतं. माई मागे बसणार, हे पुढे चालवणार, लालबाग ते मरीन ड्राइव्ह, आणि परत. दिवाळीच्या आधी.

मी म्हटलं, "तात्या, पावसाच्या आधी देते."

दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन्ही मुलगे आले. मोठा मंगेश, लोअर परळला कॉम्प्युटरच्या ऑफिसात. धाकटा संजू, इव्हेंटवाल्यांना साऊंड पुरवतो. दोघांनी उघड्या इंजिनात डोकं घातलं. मग मंगेशच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, ज्या वाक्याने मुंबईतली निम्मी घरं आणि सगळी गॅरेजं बरबाद झालीयत.

"ताई, आता खोललंच आहे तर…"

*

खोललंच आहे तर काय? तर मंगेशला टर्बो लावायचा होता. संजूला सुपरचार्जर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन्हींचं काम एकच. इंजिनात हवा दाबून भरायची, म्हणजे जास्त पेट्रोल जळेल आणि गाडी जास्त पळेल. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर. म्हणून मंगेश म्हणतो, "फुकटची ताकद." पण धुराला जोर यायला वेळ लागतो, तोपर्यंत टर्बो झोपलेला. सुपरचार्जर फिरतो इंजिनाच्या पट्ट्यावर. म्हणून संजू म्हणतो, "पाय ठेवला की हजर." पण तो फिरवायला इंजिनाचीच ताकद जाते. एवढंच आहे. यावर दोन सख्खे भाऊ माझ्या गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी भांडायचे.

मी विचारलं, "मंग्या, चालवणार कुठे?"

"मरीन ड्राइव्हला."

"लालबागहून मरीन ड्राइव्हला जाईपर्यंत किती सिग्नल लागतात बघितलंस? तुझा टर्बो जागा होईपर्यंत पुढचा सिग्नल लाल."

संजू खूश. मी त्याच्याकडे वळले. "आणि तुला रे कशाला सुपर?"

"ताई, त्याचा आवाज ऐकलायस? कुईऽऽ असा चढत जातो. अंगावर काटा येतो."

म्हणजे याला ताकदपण नको होती. याला गाडीला स्पीकर लावायचा होता.

मी दोघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं. बरं, शांतपणे नाही, पण सांगितलं. ज्या इंजिनाचं गास्केट साध्या हवेने फाटलं, त्याच्यात तुम्ही हवा कोंबणार. आतले पिस्टन त्यासाठी बनवलेले नाहीत. पेट्रोलचं सगळं गणित बदलायला लागेल. आरटीओला विचारल्याशिवाय हे करता येत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गाडी तुमची नाही.

मंगेश बोलला, "बाबांसाठीच करतोय ना."

इथे माझ्या डोक्यात पहिली तिडीक गेली. बाबांसाठी करतोय, पण बाबांना विचारलं कोणी? मी तात्यांना फोन लावला. ते म्हणाले, "थांब गो जरा. पोरांचा ठरांदे." तात्यांचं हे असं. समोरच्याचं मन राखायची सवय हाडात मुरलेली. मालक ते, आणि थांबायचं मी. इंजिनावर चादर टाकली आणि थांबले.

*

माई शेजारणीला मुलग्यांबद्दल बोलल्या, "झिल गाडयेक चार्जर लावतत." बस्स, एवढंच बोलल्या.

तात्यांची चाळ पाडून टॉवर झालाय. सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक, रिटायर्ड हेडक्लार्क, मूळचे ठाकूरद्वारचे, बोलणं एकदम शुद्ध. ते दोन कमिटी मेंबर घेऊन थेट माझ्या गॅरेजमध्ये आले.

"आमच्या असं कानावर आलं आहे की परबांच्या गाडीला चार्जर बसतोय. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून गाडी चार्ज करायला परवानगी नाही, हे मी आपल्याला आधीच सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "काका, गाडी पेट्रोलची आहे. तो चार्जर वेगळा."

"कोणता बसवताय?"

"अजून ठरलं नाही. एक म्हणतो टर्बोचार्जर, एक म्हणतो सुपरचार्जर."

कर्णिकांनी मेंबरांकडे बघितलं. "म्हणजे साधा चार्जरसुद्धा नाही. सुपर. तो तर दुप्पट युनिट खाईल."

मी त्यांना इंजिन दाखवलं, पट्टा दाखवला, कुठे काय बसतं ते हाताने करून दाखवलं. माणूस मान हलवत होता. मला वाटलं कळलं. तेवढ्यात एका मेंबरने विचारलं, "सिलिंडर किती आहेत म्हणालात?"

"सहा."

"गाडीत सहा सिलिंडर? आणि ती आमच्या बेसमेंटमध्ये उभी राहणार?"

दुसरा मेंबर म्हणाला, "आम्हाला स्वयंपाकाचा एक वेळेवर मिळत नाही."

हसा, हसा. संध्याकाळी तात्यांच्या पार्किंगच्या जागेवर साखळी आणि कुलूप. ‘ज्वलनशील सिलिंडर काढून घेतल्याचे लेखी दिल्याशिवाय जागा मिळणार नाही.’ आता सहा सिलिंडर काढून घेतले तर गाडीत उरलं काय, हॉर्न?

भावांचं ठरेना, आणि कुलूप निघायलाही पाऊस अर्धा संपला. तात्या रोज सकाळी गॅरेजला यायचे, चादर बाजूला करून गाडी पुसायचे. जाताना विचारायचे, "काय गो, झाला?" मी म्हणायचे, "तात्या, तुमचे मुलगे." ते म्हणायचे, "होय ता."

*

हा पुढचा किस्सा मी लोकांना सांगते तेव्हा कोणाचा विश्वास बसत नाही. लालबागच्या माणसाचा मात्र लगेच बसतो.

दोघे भाऊ गल्लीतल्या मंडळाचे कार्यकर्ते. लहानपणापासून एकच शिकलेत. वाद झाला की मीटिंग लावायची. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, त्यांना मध्यस्थीला बोलावलं. मी रविवारी गॅरेज उघडायला आले तर आत टेबल, टेबलावर चादर, पाण्याची बाटली, खुर्च्या. ज्या चादरीखाली माझं उघडं इंजिन होतं तीच टेबलावर.

भाऊ उभे राहिले. "सहा सिलिंडर गाडीला टर्बो बसवावा की सुपर, या विषयावर चर्चा करण्यासाठी आपण जमलो आहोत. सूचक कोण?"

मंगेश सूचक. त्याला अनुमोदक. संजू दुसरा सूचक. त्याला अनुमोदक. बाजूच्या वडेवाल्याने भाषण केलं. ज्याच्याकडे सायकल नाही त्याने ‘लॅग’, म्हणजे टर्बो उशिरा जागा होतो, या विषयावर मुद्दे मांडले. कोणीतरी म्हणालं टर्बो परदेशी आहे. दुसरा म्हणाला सुपरपण परदेशी आहे. तिसरा म्हणाला गाडीच परदेशी आहे, मग दहा मिनिटं त्याच्यावर.

मतदान झालं. बरोबरीत. कारण एका काकांनी दोन्ही वेळा हात वर केला. विचारलं तर म्हणाले, "दोन्ही आपलीच पोरं. एकाला नाही कसं म्हणू?"

मग भाऊंनी निर्णय दिला. मंडळात दोन गट असले की अध्यक्षपद आलटून पालटून द्यायची पद्धत आहे, तीच इथे.

"पहिलं वर्ष टर्बो. पुढचं वर्ष सुपर."

टाळ्या. खऱ्या टाळ्या वाजल्या. मी पाना हातात घेऊन उभी, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात. तात्या कोपऱ्यात जुन्या टायरवर बसलेले, हातात चहा. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मी ओरडले, "अरे, गाडी कोणाच्या नावावर आहे?"

सगळ्यांनी वळून तात्यांकडे बघितलं. भाऊंचा चेहरा पडला, आणि मला वाटलं, चला, या माणसाला तरी लाज आहे. भाऊंनी कोणाच्या तरी कानात काही सांगितलं. तो धावत गेला आणि शाल, नारळ घेऊन आला.

गाडीमालकांचा सत्कार झाला. त्या उकाड्यात तात्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन उभे राहिले आणि फोटो काढून मंडळी घरी गेली. विचारायचं ते कोणी विचारलंच नाही.

*

मी मंगेशला स्पष्ट सांगितलं, मी टर्बो लावणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. "लाव गो बाय. पोरांचा मन रवांदे. माका चलवूक गावली म्हणजे झाला."

मी तात्यांवरपण चिडले. त्यांना तोंडावर सांगितलं, "तात्या, तुमचं मन कोण ठेवणार?" ते हसले आणि गाडी पुसायला लागले.

मंगेशने कुठूनतरी सेकंडहँड टर्बो आणला. नवीन गास्केट घातलं, हवा एकदम कमी दाबावर ठेवली, म्हणजे नावापुरता टर्बो, इंजिन वाचेल. गणपती तोंडावर आले होते. सगळं बसवून झालं, फक्त हवेच्या फिल्टरचा क्लॅम्प मिळत नव्हता, म्हणून टर्बोचं तोंड उघडं होतं. मी क्लॅम्प आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

तेवढ्यात भाऊ आले. नवीन वस्तू, पूजा नको का? हळदीकुंकू, फूल, अक्षता सगळं घेऊनच आले होते. गणपती म्हणून सुपारी मांडायची. आता इंजिनावर सुपारी ठेवणार कुठे? सगळीकडून घसरते. भाऊंनी नीट शोधून एक खोलगट जागा काढली. गोल, चकचकीत, सुपारीच्याच मापाची.

टर्बोचं तोंड.

सुपारी ठेवली, वर अक्षता. नारळ वाढवला. सगळ्यांनी हात जोडले. मंगेशला रील बनवायची होती. त्याने मोबाइल संजूकडे दिला, आत बसला, चावी फिरवली आणि पाय दाबला.

मी कोपऱ्यावर होते. तिथपर्यंत ऐकू आलं. कॉफीच्या यंत्रात कोणी खडे घातल्यासारखं.

धावत आले. टर्बोची पाती वाकडीतिकडी, निम्मी गायब. जी गायब ती सुपारीच्या चुऱ्यासकट इंजिनाकडे निघून गेलेली. मंगेश पांढराफटक. संजू अजून शूट करतोय. आणि भाऊ, मंडळाचे अध्यक्ष भाऊ, कपाळाला हात लावून काय म्हणाले असतील?

"सुपारी फुटली. हा अपशकुन आहे."

मी म्हटलं, "भाऊ, आता माझ्या नजरेसमोर थांबलात तर दुसरा अपशकुन होईल."

पुन्हा सगळं इंजिन वरून खोललं. चिमट्याने एकेक तुकडा वेचला. एका पिस्टनच्या डोक्यावर तांदळाचा दाणा होता, कुंकू लावलेला, अख्खा. माझी पाठ मोडत होती आणि संजू मागे येऊन उभा राहिला. मला माहीत होतं तो काय बोलणार. मी मागे न बघता म्हटलं, "संज्या, बोलू नकोस."

"नाही ताई, मी एवढंच म्हणतोय…"

"बोलू नकोस."

"…आता खोललंच आहे तर."

*

मग गणपती. गणपतीत लालबागमध्ये कोणी कोणाचं काम करत नाही आणि कोणी कोणाला विचारत नाही. दोघे भाऊ मंडपात. कोणाकडे बघून भांडण झालंय असं वाटणार नाही, एकाच ताटात जेवत होते. गाडी माझ्याकडे उघडी. तात्या येत होते, पुसत होते. पण आता ते ‘झाला?’ असं विचारायचे नाहीत. मला ते जास्त लागायचं.

विसर्जन झालं आणि संजूने सुपरचार्जर आणला. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. ठेवून बघितला तर एवढा उंच की बॉनेट बंद होईना.

"काही नाही," संजू बोलला. "बॉनेटला भोक पाडू. बाहेर दिसला पाहिजे, तीच तर स्टाइल आहे."

मी म्हटलं, हात लावायचा नाही, आणि जेवायला आत गेले. दोन घास खाल्ले असतील. बाहेर ग्राइंडर चालू झाल्याचा आवाज. खडूने बॉनेटवर चौकोन आखलेला, संजूच्या डोळ्याला गॉगल, हातात ग्राइंडर. आणि तात्या बाजूला उभे, हातात तेच पुसायचं फडकं. त्यांनी त्याला अडवलं नव्हतं. फक्त फडकं घट्ट धरलं होतं.

मी ताट ठेवलं, आले आणि बॉनेटवर चढून बसले. चौकोनाच्या बरोबर मध्ये.

"काप."

"ताई, उतर ना."

"काप म्हणतेय ना. या माणसाने जेवढी वर्षं हे बॉनेट पुसलंय तेवढं तुझं वय नाही. तुला कुईऽऽ आवाज पाहिजे ना? मी काढते. आधी मला काप."

गल्ली जमा झाली. मला काही लाज वाटली नाही. संजूने ग्राइंडर ठेवला. मी उतरले, त्याचा सुपर उचलून रस्त्यावर ठेवला, त्याच्या शेजारी मंगेशचा फुटका टर्बो ठेवला आणि मंगेशला फोन करून सांगितलं, "दोन्ही चार्जर फुटपाथवर आहेत. तुम्ही दोघं एकमेकांना लावून घ्या."

त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. नवीन गास्केट मागवलं. सुपारीने ओरबाडलेला भाग घासूनपुसून सरळ करायला दिला. कारखान्यातून जसं इंजिन आलं होतं तसं बांधलं. पण जर्मनीहून पार्ट यायचा, तो काही माझ्या रागावर येत नाही. तो आला तेव्हा कंदील लागलेले होते.

*

दिवाळी संपल्यावर तात्या सकाळी आले. खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन काढलं आणि माझ्या टेबलावर, पान्यांच्या बाजूला ठेवलं.

"संपला गो."

डॉक्टरने सही केली नाही. बरोबर केलं, डोळे गेलेच होते. पण आंब्याच्या दिवसांत ते बरे होते. पावसातही बरे होते. गणपतीतसुद्धा, उन्हात, मरीन ड्राइव्हला हळूहळू जाऊन आले असते. काम हातात होतं, गास्केट हातात होतं, आणि अख्खे सहा महिने ‘टर्बो की सुपर’ करण्यात गेले. मला रडू नाही आलं. इतका राग आला की मी उठून आत गेले आणि नळ सोडून उगाच हात धूत बसले.

बाहेर आले तर तात्या गाडी पुसत होते. मी म्हटलं, "तात्या, तयार आहे." त्यांनी चावी घेतली, आत बसले, चालू केली. डोळे मिटून ऐकत राहिले. काही आवाज नाही, म्हणजे सहा सिलिंडर जसे बोलतात तेवढाच. बंद केली आणि म्हणाले, "येत्या आयतवारी येतंय. हिका घेवन."

*

आता शेवटचा. यात माझं काही काम नाही, मी फक्त बघत होते.

रविवारी सकाळी तात्या आले ते पांढरा शर्ट, पांढरी पँट, काळे बूट घालून. माई जरीच्या साडीत, केसांत अबोलीचा गजरा, हातात पर्स धरायची सवय नाही म्हणून ती छातीशी धरलेली. मागून दोघे मुलगे. गल्लीतली माणसं सहज फिरायला आल्यासारखी दारात उभी. भाऊ लांब, माझ्या नजरेच्या टप्प्याबाहेर.

आणि तिथेही दोघांचं सुरू झालं. चालवणार कोण? मंगेश म्हणे मी मोठा. संजू म्हणे तुझ्या हातून एकदा वाट लागलीय. मंगेश म्हणे टर्बो नीट बसू दिला असता तर आज गाडी उडाली असती. संजू म्हणे सुपर असता तर. माई एकदा याच्याकडे बघत होत्या, एकदा त्याच्याकडे. मी बाकड्यावरून उठले. पाना हातात नव्हता, पण जवळ होता.

तात्यांनी काचेवरचा धूळ नसलेला भाग एकदा पुसला. मागचा डावा दरवाजा उघडला, हात वर चौकटीला लावून धरला, म्हणजे डोकं आपटू नये. माई आत बसल्या. साडीचा काठ बाहेर राहिला होता, तो वाकून आत सारला, दरवाजा हलकाच लावला. मग गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दरवाजापाशी आले आणि उभे राहिले. त्या दरवाजाच्या मुठीवर त्यांनी हात ठेवला, तसाच ठेवला थोडा वेळ.

मग दरवाजा उघडला आणि चावी संजूच्या हातात दिली. मंगेशला बोटाने पलीकडची सीट दाखवली. दोघे गपचूप बसले. तात्यांनी मागचा उजवा दरवाजा स्वतःच उघडला, आणि त्या गाडीच्या मागच्या सीटवर पहिल्यांदा बसले. माईंच्या शेजारी, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

संजूने गाडी चालू केली. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत मंगेशचा आवाज आला, "बघ, पिकअपच नाही. मी सांगत होतो, टर्बो…" संजू म्हणाला, "टर्बो काय टर्बो, सुपर…" मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या काचेतून तात्यांचा आवाज आला. आयुष्यात घरी, गल्लीत, माझ्याकडे मालवणीशिवाय न बोललेला माणूस. मोठा आवाज नाही, एकदम थंड, शेठ लोकांच्या हिंदीत.

"ड्रायव्हर लोग, बातें बंद. पीछे मॅडम बैठी हैं."

मंगेशने तोंड मिटलं. संजूने इंडिकेटर दिला आणि गाडी हळूच रस्त्याला लागली.